नऊ पॉइंट चार

मोहने,
सोमवार, १७ मार्च २०२५

ती. एमिलियाताईस,
मार्सेलचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं पार्सल पोचलं. सुके बोंबील, जवळा, सुका बांगडा, सगळं धड आलं. कुरियरवाल्याने मात्र पिशवी हातभर लांब धरून दिली आणि सही घेताना श्वास रोखला होता. उपवासकाळात आपल्याकडे मटण-चिकन बंद म्हणून तू दरवर्षी न चुकता हे पाठवतेस, बरं वाटतं. फोन केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मी ओरडून बोललो की मजल्यावरच्या सगळ्यांना आपल्या घरच्या बातम्या कळतात. त्यापेक्षा पत्र बरं.

आता तब्येतीचं. गेल्या बुधवारी सकाळी उठलो तर उजव्या पायाचा अंगठा सुजून लालभडक झालेला. चादर लागली तरी जीव जायचा. नाक्यावरच्या डॉक्टरने रक्त तपासायला लावलं. युरिक अ‍ॅसिड ९.४ आलं. बाजूला छापलंय की पुरुषांना सातपर्यंत चालतं. दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाला. शेजारचे भाऊ आले आणि त्यांनी डाळ, टोमॅटो, पालक सगळं बंद करायला सांगितलं. केलं बंद. आता भाकरी आणि तुझी सुकी मासळी, एवढ्यावर चाललंय.

अंगठ्याचं मी सोसलं असतं गं. पण बियांकाने हॅनाला माझ्याकडे पाठवणं बंद केलंय. तुला माहीत आहे, जावई बोटीवर गेला की पोरीची बालवाडी आणि बियांकाची बँक यांच्या मधला वेळ माझा असतो. सव्वाबाराला हॅनाला शाळेतून आणायची, वरणभात भरवायचा, साडेसहाला आई येईपर्यंत सांभाळायची. दोन वर्षं एक दिवस चुकलेलो नाही. गुरुवारी संध्याकाळी बियांकाचा फोन आला, की आता हॅना खालच्या शेवंतीबाईंकडे राहील. मी म्हटलं, पाय चार दिवसांत बरा होईल. तर म्हणाली, पायाचा प्रश्न नाही. मग सरळ विचारलं, डॅडी, तुम्ही परत सुरू केली का.

अकरा वर्षं झाली, ताई. मी पिऊन स्कूटर चालवली, ती मागे बसलेली, आम्ही पडलो आणि तिचं मनगट मोडलं, त्या दिवसापासून थेंब घेतलेला नाही. त्या मनगटात अजून स्टीलची पट्टी आहे, म्हणून तिला उलट बोलायची माझी हिंमत होत नाही. पण युरिक अ‍ॅसिड म्हणजे दारुड्यांचा आजार, हे तिच्या डोक्यात कोणी भरलं ते कळत नाही. इंटरनेटवर वाचलं असेल.

तुझा गुडघा कसा आहे ते कळव. माया आहे तेवढी असू दे, कमी करायला हे वर्ष बरं नाही.

तुझा धाकटा,
मार्सेल


ठाणे,
२१ मार्च २०२५

चि. मार्सेल यास,
एमिलियाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दिवसभर घास उतरला नाही. पाय उंच उशीवर ठेव आणि बाजारहाट भाऊंना करू दे. तुला शांत बसवायला देवाला अंगठाच सुजवावा लागला. माझा गुडघा आहे तसाच आहे, चर्चच्या पायऱ्या चढताना कुरकुरतो.

बियांकाच्या डोक्यात हे कोणी भरलं, असं विचारतोस. मी भरलं. इंटरनेटला बोल लावू नकोस. गुरुवारी ती बँकेच्या कामाने ठाण्याला आली होती, तशीच दुपारी घरी आली. मोबाइलमधला तुझा रिपोर्ट तिने मला दाखवला आणि विचारलं, आत्या, हे कशाने होतं. मला आपले पपाच दिसले. तू तेव्हा लहान होतास, मला लख्ख आठवतंय. पपांचा पाय पाण्याच्या बादलीत, खाटेखाली बाटली, आणि सायकलवरून येणारे ते डॉक्टर आईला सांगायचे, की हे पिणाऱ्याचं दुखणं आहे, पिणं सुटलं तर हे सुटेल. तेच मी बियांकाला सांगितलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. चहाही न घेता गेली.

आता मोठी बहीण म्हणून विचारते. राग आला तरी चालेल. प्रभूला स्मरून खरं सांग. तुझी बायको जाऊन चार वर्षं झाली. एकट्या माणसाची संध्याकाळ कशी जाते ते मी जाणते, मीही एकटीच राहते. घेत असशील तर मला लिही. बियांकाला मी कळू देणार नाही, पण त्या लेकरासाठी सोड. घेत नसशील तर तसं लिही, म्हणजे मी निश्चिंत होईन.

खाण्याचं म्हणशील तर मटण आणि कलेजी याला कारण असतात, असं इथल्या केमिस्टने सांगितलं. ते तर आपलं उपवासकाळात बंदच आहे, मग काळजी नाही. मासळी हलकी असते, बिनधास्त खा. सोमवारी आणखी एक पार्सल पाठवते, या खेपेला जवळा जास्त घातलाय.

जिने तुला कडेवर घेऊन शाळेत सोडलं तिच्यावर रागावलास तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
एमिलियाताई


मोहने,
२७ मार्च २०२५

ती. ताईस,
मार्सेलचा नमस्कार. साष्टांग घालण्याइतका पाय अजून वाकत नाही, आणि खरं सांगायचं तर मनही वाकत नाही.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तू मला शपथ घालून विचारलंस म्हणून लिहितो. मी पीत नाही. हे मी एकदाच लिहीन, परत विचारू नकोस. बियांकाने विचारलं तर समजतं, तिचं हाड मोडलंय. तू तर मी सोडली तेव्हा इथे येऊन पंधरा दिवस राहिलीस, माझे हात कापायचे ते बघितलंस. मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी कल्याणला डॉक्टर नीरजा यांच्याकडे गेलो. चाळिशीची बाई, बोलणं मोजकं. पहिला प्रश्न दारूचाच. मी म्हटलं, अकरा वर्षं बंद आहे. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. अनोळखी बाईने माझा शब्द लिहून घेतला.

मग त्यांनी मला उभंआडवं विचारलं. काय खातो, किती वेळा, पाणी किती, गोळ्या कोणत्या, वडिलांना काय होतं. मी सांगत गेलो तसतशी त्यांची मान हलायला लागली. सुकी मासळी रोज रात्री भरपेट, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. ताई, कलेजी जितकी वाईट तितकीच जवळपास तुझी सुकट. बोंबील, जवळा, बांगडा, सगळ्यात ज्यापासून युरिक अ‍ॅसिड होतं ते भरपूर, आणि सुकवल्यावर पाणी उडून जातं म्हणून तेवढ्याच वजनात आणखी जास्त. आपण मटण सोडून चाळीस दिवस पुण्य करतो आणि अंगठ्याला त्यातलं काही कळत नाही. भाऊंनी बंद केलेली डाळ, टोमॅटो, पालक मात्र चालतं म्हणाल्या. मी डाळ सोडून मासळी वाढवली हे कळल्यावर त्यांना हसू आवरेना.

पुढे माझा उपवास निघाला. या वर्षी मी नवस केलेला, संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत अन्न नाही आणि पाणी फक्त घोटभर. नवस बियांकासाठी केलेला, ते जाऊ दे. डॉक्टर म्हणाल्या, दिवसभर पोट रिकामं ठेवलं आणि मार्चच्या उन्हात पाणीही प्यायलं नाही की मूत्रपिंड हे अ‍ॅसिड बाहेर टाकत नाही, रक्तात साठतं. मग संध्याकाळी काय घेता, तर मी सांगितलं, कोल्ड्रिंक. दारू सोडली तेव्हा सात वाजले की हाताला ग्लास लागायचा. तेव्हापासून कोल्ड्रिंकचा ग्लास धरतो, मोठी बाटली दोन दिवसांत संपते. तेही नडतं म्हणे, त्यातल्या साखरेनेसुद्धा युरिक अ‍ॅसिड वाढतं. ज्याच्या आधाराने दारू सोडली तेही आता सोडायचं. ताक पितो. सात वाजता ताक पिताना आपण आजारी आहोत असं वाटतं.

शेवटी त्यांनी गोळ्यांचा डबा उघडायला लावला. जानेवारीत माझी ब्लडप्रेशरची गोळी बदललेली, आठवतं का. त्या नव्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. त्यानेही युरिक अ‍ॅसिड चढतं. ती बदलून दुसरी दिली, मनाने बंद करू नका अशी तंबीही दिली. आणि पपांबद्दल म्हणाल्या, की दारूने वाढतं हे खरंच, पण पुष्कळ घरांत मूत्रपिंडाची ठेवणच अशी असते की हे नीट बाहेर टाकलं जात नाही. बापाकडून लेकरांकडे येतं. खाण्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमीच असतो. माझ्यात सगळंच एकदम जमून आलं.

मी हे सगळं बियांकाला जाऊन सांगितलं. तिने उभ्याउभ्या ऐकलं. मी म्हटलं, महिन्याने परत रक्त तपासतो, आकडा खाली आला की बघ. ती म्हणाली, आकडा खाली आला तर तुम्ही घाबरून पिणं थांबवलंत एवढंच मला कळेल. पूर्वी मीही अशीच कारणं पुढ्यात मांडायचो, एकाहून एक पटणारी. हॅना आतून आजोबा म्हणून हाका मारत होती, बियांकाने तिला बाहेर येऊ दिलं नाही.

तुझं दुसरं पार्सल भाऊंना दिलं. डॉक्टरांनी सांगितलंय, की भावंडांनीही तपासून घ्यावं, त्यातून ब्लडप्रेशर असेल त्यांनी नक्कीच. तूही घेतेस गोळ्या. वाद घालू नकोस, जाऊन ये.

राग आहे, पण पत्र लिहिलंय. तेवढं धरून चाल.

मार्सेल


ठाणे,
५ एप्रिल २०२५

चि. मार्सेल यास,
आशीर्वाद.

चुकलं माझं. दोनदा चुकलं. एकदा बियांकाला सांगताना आणि एकदा तुला विचारताना. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय कधी शिक्षा केली नाही, आणि सख्ख्या भावाच्या वेळी हे केलं. बियांकाला पत्र धाडलंय, त्याची नक्कल सोबत आहे. फार लिहवत नाही.

तुझी,
ताई


ठाणे,
५ एप्रिल २०२५

चि. सौ. बियांका हिस,
आत्याचे अ. उ. आ.

हॅनाचा खोकला गेला का? जावयाचा फोन येतो ना? बोटीवर खायचे हाल असतात असं ऐकते.

मुद्द्याचं लिहिते. त्या गुरुवारी तू माझ्याकडे आलीस आणि मी तुला सांगितलं, की हे पिणाऱ्याचं दुखणं आहे. ते मी परत घेते. मी माझं रक्त तपासून घेतलं. माझं युरिक अ‍ॅसिड ८.२ आलं. बायकांना सहापर्यंत चालतं. बियांका, सत्तर वर्षांत मी दारू चाखलेली नाही. लग्नाच्या टेबलावर वाइनचा पेला पुढे आला तरी मी तो शेजारणीकडे सरकवते, हे तू लहानपणापासून बघितलंयस. तुझ्या माझ्या समजुतीप्रमाणे मीही लपून पीत असले पाहिजे. चर्चमधल्या बायकांना सांगितलं तर महिनाभर पुरेल.

बाप एकच, गोळी त्याच जातीची, आणि जी मासळी मी त्याला पाठवली तीच मी इथे खात होते. माझं काही दुखत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं नाही. पाणी वाढवा, सुकी मासळी कमी करा, तीन महिन्यांनी या, एवढंच सांगितलं. आणि एक गोष्ट घरी आल्यावर माझ्या ध्यानात आली. त्या डॉक्टरांनी मला दारूबद्दल विचारलंसुद्धा नाही. माझे पांढरे केस बघितले, मास्तरीण होते हे ऐकलं, आणि धरून चालले की ही बाई पीत नसणार. तुझ्या वडिलांच्या बाबतीत मी उलटं धरून चालले. दोन्ही वेळा रिपोर्ट तसाच होता.

तुझा बाप पीत नाही, हे माझ्या आकड्याने सिद्ध होत नाही. तू हुशार आहेस, तू हेच म्हणशील, आणि ते बरोबर आहे. मी फक्त एवढंच सांगते, की ज्याला आपण पुरावा समजलो तो पुरावा नव्हता. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुझं तू ठरव. पण माझ्या शब्दावरून ठरवलं असशील तर तो शब्द मी मागे घेतलाय.

घर आणि नोकरी सांभाळताना स्वतःचं खाणंपिणं टाळू नकोस, आणि वेड्या आत्याला मनातून काढून टाकू नकोस.

तुझी,
एमिलिया आत्या


कल्याण,
गुरुवार, १० एप्रिल २०२५

डॅडी,
स. न.

आज महावीर जयंतीची सुट्टी आहे, हॅना झोपलीय, म्हणून लिहिते. समोर बोलायला गेले तर एकतर मी रडेन किंवा भांडेन. पत्र लिहायची आयडिया आत्याकडून उचलली. शाळेनंतर पहिल्यांदाच मराठीत एवढं लिहितेय, समजून घ्या.

आत्याचं पत्र मिळालं. वाचून हसू आलं आणि मग मला एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं वाटलं. त्या मंगळवारी तुम्ही डॉक्टरकडे गेलेलात तेव्हा मी हाफ डे टाकून तुमच्या घरी आलेले. माझ्याकडे चावी आहे. मी पूर्ण घर शोधलं. फ्लशची टाकी, तांदळाचा डबा, गादीखाली, अल्तारावरच्या मूर्तींच्या मागे, मम्मीच्या कपड्यांच्या बॅगेत. पूर्वी तुम्ही कुठे कुठे लपवायचात ते मला सगळं पाठ आहे. काही नाही मिळालं. आणि डॅडी, मला बरं नाही वाटलं. मला राग आला. मिळाली असती तर मी बरोबर ठरले असते. रिकाम्या हाताने मम्मीच्या बॅगेची चेन लावली आणि निघून गेले. आणि एवढं बघूनसुद्धा दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी आकड्यावरून तुम्हाला तसं बोलले. खरं माहीत असूनही ते मी मुद्दाम बोलले.

मला तुमची भीती वाटते असं नाही. मला तो दिवस परत यायची भीती वाटते, आणि या वेळेला मागे हॅना बसलेली असेल. ही भीती अजून गेली नाही आणि लगेच जाईल असं खोटं लिहीत नाही. पण ती भीती माझी आहे, त्यात तुमची आता काही चूक नाही.

अजून एक. बालवाडीच्या फॉर्मवर मुलाला कोण नेणार ते लिहून द्यावं लागतं. त्यावरून मी तुमचं नाव काढून टाकलेलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. काल जाऊन ते परत लिहून दिलं. टीचरने कारण विचारलं तर म्हटलं, माझी चूक झाली. सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, तर मंगळवारपासून हॅनाला आणायला याल का? रिक्षाने या, पाय पूर्ण बरा नसेल तर अजून थोडे दिवस थांबा. शेवंतीबाईंना मी सांगते.

रागावला असाल तर रागवा, पण या.

तुमची,
बियांका


मोहने,
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

ती. एमिलियाताईस,
मार्सेलचा सा. न. वि. वि. या खेपेला साष्टांग खरोखरचा, अंगठ्याची सूज उतरली.

ईस्टरला तुझी आठवण काढली. बियांकाने डुकराच्या मटणाचं विंदालू केलेलं, मला मोजून दोन तुकडे वाढले आणि डबा उचलून आत नेला. दोन तुकडे खाल्ले, वर दोन ग्लास पाणी प्यायलो. मेमध्ये परत रक्त तपासायचं आहे, तेव्हा युरिक अ‍ॅसिड कमी करायची रोजची गोळी चालू करायची का ते डॉक्टर ठरवतील. तूही तीन महिने झाले की जाऊन ये. तुझा आकडा मी भाऊंना सांगितला, ते तुझ्याबद्दल फार आदराने विचारायला लागलेत.

एक गोष्ट राहिलीय. बियांकाने पत्रात सगळं लिहिलं तेव्हा मला वाटलं, आपणही एक गोष्ट लपवलीय ती सांगून टाकावी. मंगळवारी पंधरा तारखेला सकाळी, ती बँकेत निघायच्या आधी, तिच्या घरी गेलो. हॅना आत दूध पीत होती. मी बियांकाला सांगितलं, की या दिवसांत मी दोनदा वाइन शॉपसमोर जाऊन उभा राहिलो. एकदा तुझं शपथ घालणारं पत्र आलं त्या संध्याकाळी, आणि एकदा तिने हॅनाला बाहेर येऊ दिलं नाही तेव्हा. दुखऱ्या पायाने गेलो, ताई. मनात एकच, की सगळे म्हणतातच आहेत तर मग का नाही. दोन्ही वेळा परत फिरलो, घेतली नाही. पण खिशात पैसे होते आणि दुकान उघडं होतं. मग तिला म्हटलं, हे ऐकून तुला शाळेच्या फॉर्मवरचं माझं नाव परत काढायचं असेल तर आत्ताच काढ, मी रागावणार नाही.

बियांका मनगट दुसऱ्या हाताने चोळत राहिली, ती सवयच आहे तिची. मला वाटलं, घालवलं आपण. मग म्हणाली, "परत कधी तिथे उभे राहिलात तर मला फोन करा. बँकेत असले तरी करा."

एवढं बोलून तिने चप्पल घातली आणि हॅनाला शाळेत सोडून बँकेत जायला निघाली. दारातच तिला सांगितलं, की आज आजोबा न्यायला येतील. मी बाराला दहा कमी असतानाच शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही, तुझ्यापासून लपवायचं नव्हतं म्हणून लिहिलं. उत्तर सावकाश दे, पण दे.

तुझा,
मार्सेल